सी प्रोग्रॅममध्ये मेसेज क्यू तयार होत नाही? चूक नेमकी कुठे आहे ते क्रमाने शोधा

मेसेज क्यू (प्रोग्रॅमनी एकमेकांना मेसेज देण्यासाठीची कर्नलमधली रांग) तयार करताना एरर आली की बहुतेक जण तीनपैकी एक गोष्ट करतात: प्रोग्रॅम सुडो लावून चालवतात, परमिशन ०७७७ करतात किंवा आधीच्या सगळ्या क्यू उडवून टाकतात. तिन्ही उपायांनी एरर बहुधा जाते, पण कारण तिथेच राहतं आणि दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या युजरकडे पुन्हा डोकं वर काढतं.

ही शोधाशोध ठरावीक क्रमाने केली तर चूक सहसा लवकर सापडते. क्रम असा: आधी एरर कोड, मग की-व्हॅल्यू (क्यू ओळखण्याचा आकडा), मग फ्लॅग आणि परमिशन, मग कर्नलमध्ये आधीपासून काय पडून आहे ते, आणि सगळ्यात शेवटी मर्यादा. लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, म्हणून फसतात. एक गोष्ट सुरुवातीपासून मनात पक्की ठेवा: क्यू तुमच्या प्रोग्रॅमची नसते, कर्नलची असते. प्रोग्रॅम संपला तरी ती राहते, आणि आज दिसणारी एरर बऱ्याचदा काल तयार झालेल्या क्यूमुळे असते.

पुढचं सगळं लिनक्ससाठी आहे. मेसेज क्यूच्या दोन पद्धती आहेत, सिस्टिम फाइव्ह आणि पॉझिक्स; पायऱ्या १ ते ६ सिस्टिम फाइव्हच्या एमएसजीगेटसाठी आणि पायरी ७ पॉझिक्सच्या एमक्यू_ओपनसाठी (दोन्ही क्यू तयार करणारी किंवा उघडणारी फंक्शन). नावं इथे देवनागरीत आहेत; कोडमध्ये आणि टर्मिनलवर ती नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

## १. तयारी: आधी मशीनची स्थिती पाहून घ्या

कोडला हात लावण्याआधी टर्मिनलवर "आयपीसीएस -क्यू" (मशीनवरच्या क्यूंची यादी) चालवा आणि आउटपुट बाजूला ठेवा. त्यातले चार कॉलम कामाचे आहेत: की, एमएसक्यूआयडी, ओनर आणि पर्म्स. "आयपीसीएस -एल" मर्यादा दाखवतं, तेही एकदा पाहून ठेवा.

प्रोग्रॅम -वॉल हा पर्याय लावून नव्याने कंपाइल करा आणि प्रत्येक वॉर्निंग वाचा. "इम्प्लिसिट डिक्लेरेशन" असं दिसलं तर हेडर राहिलं आहे. सिस/आयपीसी.एच आणि सिस/एमएसजी.एच ही दोन्ही हवीत.

शेवटची तयारी म्हणजे रूट म्हणून काम करणं थांबवा. रूटला परमिशनचे नियम आडवे येत नाहीत. त्यामुळे परमिशनची चूक रूटखाली दिसतच नाही. ज्या युजरखाली प्रोग्रॅम प्रत्यक्षात चालणार आहे, त्याच युजरखाली तपासणी करा.

## २. एरर नीट पकडली जाते आहे ना, ते तपासा

बऱ्याच कोडमध्ये चूक क्यूत नसतेच, ती एरर तपासणाऱ्या ओळीत असते. सगळ्यात जास्त आढळणारी ओळ ही:

इफ (आयडी = एमएसजीगेट(की, फ्लॅग) < ०)

सीमध्ये "पेक्षा लहान" हे चिन्ह "बरोबर" या चिन्हाच्या आधी सोडवलं जातं. म्हणजे इथे आयडीमध्ये क्यूचा आयडी जातच नाही, तुलनेचं उत्तर जातं. क्यू तयार झाली तर आयडी ० होतो आणि फसली तर १. पुढे मेसेज पाठवताना प्रोग्रॅम भलत्याच क्यूला हात घालतो किंवा "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट" देतो, आणि माणूस एमएसजीएसएनडी (मेसेज पाठवणारं फंक्शन) तपासत बसतो. असाइनमेंटला स्वतंत्र कंस घाला, किंवा त्याहून बरं म्हणजे ती वेगळ्या ओळीवर लिहा. -वॉल लावलं असेल तर जीसीसी नेमक्या याच ओळीवर कंसाची वॉर्निंग देतं.

याच्या उलट चूक म्हणजे आयडी ० आला की अपयश समजणं. ० हा वैध आयडी आहे. अपयश म्हणजे फक्त -१.

एरनो (शेवटच्या एररचा क्रमांक जिथे ठेवला जातो तो व्हेरिएबल) लगेच वाचा. एमएसजीगेट आणि एरनो यांच्यामध्ये एखादा प्रिंटएफ आला तरी तो एरनो बदलू शकतो. एफटॉक (फाइलच्या पाथवरून की-व्हॅल्यू बनवणारं फंक्शन) आणि एमएसजीगेट या दोन्हींसाठी पीएररला (एररचा संदेश छापणारं फंक्शन) वेगवेगळं लेबल द्या. कारण "नो सच फाइल ऑर डिरेक्टरी" हा संदेश दोन्हींकडून येतो आणि त्याचा अर्थ दोन ठिकाणी पूर्ण वेगळा आहे. एफटॉककडून आला तर फाइल नाही; एमएसजीगेटकडून आला तर त्या की-व्हॅल्यूची क्यू नाही आणि तुम्ही आयपीसी_क्रिएट (क्यू नसेल तर नवी करा, असं सांगणारा फ्लॅग; इंग्रजीत IPC_CREAT) दिलेलं नाही.

तपासा: "एसट्रेस -ई ट्रेस=एमएसजीगेट" लावून प्रोग्रॅम चालवा. कर्नलपर्यंत कोणती की-व्हॅल्यू गेली, कोणते फ्लॅग गेले आणि काय उत्तर आलं, हे एका ओळीत दिसतं. कोडमध्ये काय लिहिलंय असं तुम्हाला वाटतं यापेक्षा या ओळीवर विश्वास ठेवा.

## ३. की-व्हॅल्यू: एफटॉक कुठे फसवतं

एफटॉकला दोन गोष्टी लागतात: अस्तित्वात असलेल्या फाइलचा पाथ आणि शून्य नसलेला प्रोजेक्ट आयडी. ते फाइलचं नाव किंवा आतला मजकूर वापरत नाही. ग्लिबसीमध्ये की-व्हॅल्यू तीन तुकड्यांची बनते: फाइलच्या आयनोड क्रमांकाचे (फाइलसिस्टिममधला फाइलचा क्रमांक) खालचे १६ बिट, डिव्हाइस क्रमांकाचे ८ बिट आणि प्रोजेक्ट आयडीचे ८ बिट. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

फाइल नसेल तर एफटॉक -१ देतं. ते न तपासता एमएसजीगेटला दिलं तर एमएसजीगेट तक्रार करत नाही. -१ हीसुद्धा त्याच्या दृष्टीने चालणारी की-व्हॅल्यू आहे. क्यू तयार होते, मेसेजही जातात. आणि त्याच मशीनवर हीच चूक असलेला दुसरा कुठलाही प्रोग्रॅम त्याच क्यूत येऊन पडतो. एरर न देणारी ही चूक सगळ्यात वाईट.

रिलेटिव्ह पाथ दिला तर दोन प्रोग्रॅम वेगवेगळ्या फोल्डरमधून चालवताच दोन वेगळ्या फाइल किंवा एकीकडे काहीच नाही, अशी अवस्था होते. पाथ नेहमी पूर्ण द्या.

फाइल पुसून पुन्हा केली की नाव तेच राहतं, पण आयनोड बदलू शकतो. काही एडिटर सेव्ह करताना नवीन फाइल लिहून तिला जुनं नाव देतात. म्हणजे कॉन्फिग फाइल नुसती सेव्ह केली तरी की-व्हॅल्यू बदलते. एक प्रोग्रॅम बदलाच्या आधी सुरू झालेला आणि दुसरा नंतर, तर दोघांची क्यू कधीच जुळत नाही. प्रोग्रॅमची स्वतःची एक्झिक्युटेबल फाइल एफटॉकला देणं म्हणूनच टाळा. नव्याने कंपाइल केलं की तिचाही आयनोड बदलू शकतो. या कामासाठी एक वेगळी रिकामी फाइल ठेवा, जिला इतर कोणी हात लावणार नाही.

तपासा: "आयपीसीएस -क्यू"मधली की हेक्साडेसिमलमध्ये असते. तिच्याकडे पाहूनच बरंच कळतं.
- सुरुवातीचे दोन हेक्स अंक म्हणजे प्रोजेक्ट आयडी. तो इंग्रजी कॅपिटल ए असेल तर की ४१ ने सुरू व्हायला हवी.
- आठही ठिकाणी एफ दिसत असेल तर एफटॉक फसलं आहे आणि कोणी तपासलेलं नाही.
- आठही शून्यं असतील तर ती आयपीसी_प्रायव्हेटने केलेली क्यू आहे.

आयपीसी_प्रायव्हेटबद्दलचा गैरसमजही इथेच मिटवू. त्याचा अर्थ "खासगी" नाही. त्याचा अर्थ "दर वेळी नवीन". दोन स्वतंत्र प्रोग्रॅम ते वापरून एकाच क्यूवर कधीच भेटणार नाहीत. फोर्कच्या आधी क्यू करून आयडी चाइल्डकडे जाऊ द्यायचा असेल, तिथेच ते योग्य.

## ४. फ्लॅग आणि परमिशन: शून्य विसरलं की काय होतं

परमिशन ऑक्टलमध्ये लिहायची, म्हणजे पुढे शून्य हवंच. ०६६६ ऐवजी ६६६ लिहिलं तर काय होतं, ते नीट पाहू, कारण लक्षणं फार चकवणारी आहेत.

दशमान ६६६ म्हणजे ऑक्टल ०१२३२. त्यातला ०१००० हा भाग म्हणजेच लिनक्सवरचं आयपीसी_क्रिएट. म्हणजे तुम्ही क्रिएट लिहायला विसरलात तरी क्यू तयार होते! उरलेलं ०२३२ परमिशन म्हणून नोंदवलं जातं. त्यात मालकाला फक्त लिहिण्याचा हक्क आहे, वाचण्याचा नाही. पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवताना एमएसजीगेट यशस्वी होतं, मेसेज जातो, पण एमएसजीआरसीव्ही (मेसेज घेणारं फंक्शन) "परमिशन डिनाइड" देतं. दुसऱ्यांदा चालवलं तर एमएसजीगेटच "परमिशन डिनाइड" देतं. क्यू तुमची, युजर तोच, तरीही. "आयपीसीएस -क्यू"मध्ये पर्म्सखाली २३२ दिसलं की दुसरं काही शोधू नका.

आणि कोडमध्ये शून्य घालूनही एरर जात नाही, कारण जुनी क्यू २३२ घेऊन तशीच पडून आहे. असलेल्या क्यूची परमिशन एमएसजीगेट बदलत नाही. आधी "आयपीसीआरएम -क्यू" आणि आयडी देऊन ती काढा, मग दुरुस्त प्रोग्रॅम चालवा. काढण्यासाठी मालकी पुरते, वाचण्याचा हक्क लागत नाही.

परमिशन अजिबात न देता नुसतं आयपीसी_क्रिएट दिलं तर पर्म्स ० होतात. क्यू तयार होते आणि मालकाचाही प्रत्येक मेसेज अडतो.

सिस्टिम फाइव्हच्या क्यूला युमास्क (नव्या फाइलच्या परमिशनमधून काही हक्क वगळणारी सेटिंग) लागू होत नाही. लिहिलं तेच नोंदवलं जातं. एकाच ग्रुपमधल्या प्रोग्रॅमसाठी ०६६० पुरते, आणि दोन्ही प्रोग्रॅम एकाच युजरचे असतील तर ०६००. ०७७७ मधला एक्झिक्यूटचा बिट इथे निरुपयोगी आहे.

सावधान: असलेली क्यू उघडतानाही तुम्ही दिलेली परमिशन तपासली जाते. क्यू ०६४४ ची असेल आणि दुसऱ्या युजरचा प्रोग्रॅम ०६६६ मागत असेल तर एरनो १३ ("परमिशन डिनाइड") येतो, मग त्याला नुसतं वाचायचं का असेना. फक्त वाचणाऱ्याने ०४४४ मागावं.

## ५. आधीपासून पडून असलेली क्यू

एरनो १७, "फाइल एक्झिस्ट्स", हा आयपीसी_क्रिएट आणि आयपीसी_एक्सएल (क्यू आधीपासून असेल तर एरर द्या, असं सांगणारा फ्लॅग; इंग्रजीत IPC_EXCL) दोन्ही दिल्यावरच येतो. ही एरर आली म्हणून एक्सएल काढून टाकू नका. एक्सएलने तुम्हाला खरी गोष्ट सांगितली आहे: याच की-व्हॅल्यूची क्यू आधीपासून आहे, तिच्यात जुने मेसेज असू शकतात आणि तिची परमिशन वेगळी असू शकते.

कामाची वाटणी अशी ठेवा. एकच प्रोग्रॅम क्यू तयार करेल, क्रिएट आणि एक्सएल देऊन. बाकीचे फक्त उघडतील, क्रिएट न देता. सगळ्यांनी क्रिएट दिलं की कोणी आधी सुरू व्हायचं याला काही धरबंध राहत नाही, आणि चुकीच्या की-व्हॅल्यूवरही निमूट नवी क्यू बनते. उघडणाऱ्याला एरनो २ ("नो सच फाइल ऑर डिरेक्टरी") मिळाला तर तयार करणारा अजून सुरू झालेला नाही किंवा की जुळत नाही; एसट्रेसमधल्या दोन्ही की शेजारी ठेवून पाहा.

तयार करणाऱ्याला १७ मिळाला तर निर्णय तुमचा: जुनी क्यू तशीच वापरायची, की एमएसजीसीटीएल आणि आयपीसी_आरएमआयडीने काढून नवी करायची. काढण्याआधी "आयपीसीएस -क्यू -पी" चालवा. शेवटी कोणी पाठवलं आणि कोणी घेतलं, त्यांचे प्रोसेस आयडी दिसतात. त्यातली एखादी प्रोसेस जिवंत असेल तर हात आवरा. क्यू काढताच तिच्यावर थांबलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला "आयडेंटिफायर रिमूव्हड" अशी एरर मिळते.

सावधान: "आयपीसीआरएम -ए" हा पर्याय क्यूंसोबत शेअर्ड मेमरी आणि सेमाफोरही काढतो. इतरांचं काम चालू असलेल्या मशीनवर रूट म्हणून तो कधीही चालवू नका. डेटाबेसही त्यात सापडू शकतो.

## ६. मर्यादा: "नो स्पेस" म्हणजे डिस्क नव्हे

एमएसजीगेटने एरनो २८, "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" दिला की लोक डिस्क रिकामी करायला लागतात. डिस्कचा इथे काही संबंध नाही. क्यूंची संख्या कर्नलच्या एमएसजीएमएनआय या मर्यादेला पोचली आहे. सध्याच्या लिनक्सवर ही मर्यादा ३२,००० असते. तुमच्या प्रोग्रॅमला इतक्या क्यू खरोखर लागतात का? जवळजवळ नक्कीच नाही. कुठेतरी लूपमध्ये आयपीसी_प्रायव्हेटने क्यू होत आहेत आणि काढल्या जात नाहीत. "आयपीसीएस -क्यू"मध्ये शून्य की असलेल्या ओळी मोजा, गळती समोर येईल. मर्यादा वाढवणं हा शेवटचा उपाय.

एमएसजीमॅक्स ८,१९२ आणि एमएसजीएमएनबी १६,३८४ बाइट्स या मूळ मर्यादा मेसेजच्या आकाराच्या आणि एका क्यूतल्या एकूण बाइट्सच्या आहेत. त्या क्यू तयार करताना आडव्या येत नाहीत, पाठवताना येतात.

एरनो ३८, "फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड" आला तर कर्नलमध्ये सिस्टिम फाइव्ह आयपीसीचा भागच नाही. कोडमध्ये शोधण्यासारखं काही नाही.

## ७. पॉझिक्स क्यू: एमक्यू_ओपनच्या वेगळ्या खोड्या

इथे की नसते, नाव असतं. नाव एका स्लॅशने सुरू व्हायला हवं आणि पुढे दुसरा स्लॅश नको. सुरुवातीचा स्लॅश विसरला तर एरनो २२ ("इनव्हॅलिड आर्ग्युमेंट"), मध्ये जास्तीचा स्लॅश आला तर एरनो १३. म्हणजे /टीएमपी/ने सुरू होणारा पाथ दिला की "परमिशन डिनाइड" येतं आणि माणूस परमिशन बदलत बसतो.

ओ_क्रिएट दिलं की मोड आणि ॲट्रिब्यूट हे दोन आर्ग्युमेंट द्यायलाच हवेत. ॲट्रिब्यूट नको असतील तर तिथे नल द्या, पण जागा रिकामी सोडू नका.

यशाची तपासणी एमक्यूडी_टी प्रकारच्या -१ शी करा. लिंक करताना "अनडिफाइन्ड रेफरन्स" आला तर कमांडच्या शेवटी, सोर्स फाइलच्या नंतर -एलआरटी लावा.

मर्यादांनी इथे खरोखर अडतं, कारण मूळ आकडे लहान आहेत. एका क्यूत जास्तीत जास्त १० मेसेज, प्रत्येक ८,१९२ बाइट्सचा. एमक्यू_मॅक्सएमएसजीमध्ये (क्यूत किती मेसेज मावतील तो आकडा) १०० लिहिलं की साध्या युजरला लगेच एरनो २२ मिळतो. शून्यासाठीही तोच. ॲट्रिब्यूटच्या स्ट्रक्टमध्ये मेसेजची संख्या आणि मेसेजचा आकार हे दोन्ही आकडे भरा. एक भरून दुसरा तसाच सोडला की तिथला कचरा कर्नलकडे जातो.

यानंतर लोक रूटकडून एमएसजी_मॅक्सची मर्यादा १०० करून घेतात आणि नवीन एरर येते: एरनो २४, "टू मेनी ओपन फाइल्स". फाइल तर एकही उघडलेली नसते. प्रत्येक युजरला पॉझिक्स क्यूंसाठी एकूण ८,१९,२०० बाइट्स मिळतात. "युलिमिट -क्यू" तो आकडा दाखवतं. १०० गुणिले ८,१९२ म्हणजे नेमके ८,१९,२००, आणि कर्नलची नोंदींसाठीची जागा त्यावर वेगळी मोजली जाते. म्हणून थोडक्यात हुकतं. मूळ आकाराच्या क्यू केल्या तरी हिशोब तोच: एका युजरला नऊ मिळतात, दहावीला २४. मेसेजचा आकार खरोखर लागतो तेवढाच ठेवा. २५६ बाइट्सचे १०० मेसेज या मर्यादेत आरामात बसतात.

इथे युमास्क लागू होतो. मोड ०६६६ दिला आणि युमास्क ०२२ असेल तर क्यू ०६४४ होते, आणि दुसऱ्या युजरला लिहिण्यासाठी उघडता येत नाही. तयार करण्याआधी युमास्क बदला आणि नंतर पूर्ववत करा.

तपासा: /डेव्ह/एमक्यू या फोल्डरमध्ये एलएस करा; इंग्रजीत त्याचं पूर्ण नाव /dev/mqueue असं आहे. तिथे प्रत्येक क्यू फाइलसारखी दिसते, मालक आणि मोडसकट. कोडमध्ये आकडे बदलूनही फरक पडत नसेल तर जुनी क्यू तिथे सापडेल. असलेली क्यू उघडताना नवे ॲट्रिब्यूट मुकाट दुर्लक्षिले जातात. एमक्यू_अनलिंक करा आणि पुन्हा करा.

## ८. एरर नाही, पण प्रोग्रॅम एकमेकांना भेटत नाहीत

दोन्हीकडे क्यू उघडते, की सारखी आहे, तरी मेसेज पोचत नाही. पहिला संशय कंटेनरवर घ्या. प्रत्येक कंटेनरला सहसा स्वतःचा आयपीसी नेमस्पेस (क्यूंची स्वतंत्र वेगळी जागा) असतो. आतली क्यू बाहेर दिसत नाही. दोन्ही बाजूंनी "आयपीसीएस -क्यू" चालवा. याद्या वेगळ्या असतील तर कंटेनर सुरू करतानाच आयपीसी नेमस्पेस सामायिक करावा लागेल.

दुसरी शक्यता: क्यू होती आणि आपोआप गेली. सिस्टिमडीच्या लॉगइनडीमध्ये (युजरचं लॉगइन सांभाळणारी सेवा) रिमूव्हआयपीसी ही सेटिंग चालू असेल तर साधा युजर पूर्ण लॉगआउट झाला की त्याच्या क्यू काढल्या जातात. रात्री चालत राहणारं काम साध्या युजरऐवजी सिस्टिम युजरखाली चालवा, म्हणजे हा नियम त्याला लागत नाही.

तिसरी: क्यू ठीक आहे, पाठवणं चुकतंय. स्ट्रक्टचा पहिला घटक लाँग प्रकारचा हवा आणि त्याची किंमत ० पेक्षा मोठी हवी, नाहीतर एरनो २२. एमएसजीएसएनडीला द्यायच्या आकारात तो पहिला लाँग धरायचा नाही.

## ९. पुन्हा तीच एरर येऊ नये म्हणून आवराआवर

क्यू काढण्याचं काम ती तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचं. कंट्रोल-सी दाबल्यावरही ती काढली जावी यासाठी सिग्नल हँडलर लावा, पण हँडलरच्या आत फक्त एक फ्लॅग बदला. एमएसजीसीटीएल मुख्य लूपमधून बोलवा. एमएसजीआरसीव्हीवर थांबलेला प्रोग्रॅम सिग्नल आल्यावर एरनो ४ (सिग्नलमुळे कॉल मध्येच थांबला) घेऊन बाहेर येतो, हँडलर लावताना एसए_रिस्टार्ट हा फ्लॅग दिला असला तरी. म्हणजे फ्लॅग तपासायची संधी मिळतेच. त्या ४ ला खरी एरर समजून प्रोग्रॅम बंद करू नका, आधी फ्लॅग पाहा.

किल -९ पकडता येत नाही. त्यामुळे सुरुवातीला एक्सएल देऊन १७ आला तर काय करायचं, हे पायरी ५ प्रमाणे कोडमध्ये लिहिलेलंच असावं. ते लिहून झालं की मुद्दाम किल -९ ने प्रोग्रॅम मारा, "आयपीसीएस -क्यू"मध्ये उरलेली क्यू पाहा, आणि साध्या युजरखाली प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा.